मनोविकारातून सावरणाऱ्यांसाठी परवडणारे घर: पहिल्या फ्लॅटचे नियोजन कसे करावे

येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांत आजही अशी माणसे राहतात, ज्यांचा आजार केव्हाच आटोक्यात आला आहे, परंतु ज्यांना न्यायला कोणी येत नाही. त्यांच्याखेरीज दुसरा मोठा वर्ग घरोघरी आहे: स्किझोफ्रेनियातून किंवा बायपोलर आजारातून सावरलेला चाळिशीतला मुलगा अथवा मुलगी, सत्तरी ओलांडलेले आईवडील आणि ‘आमच्यामागे याचे काय?’ हा दिवा मालवताना रोज पडणारा प्रश्न. दोघांनाही लागते ते एकच. भाडे परवडेल असे साधे घर आणि त्या घरात लागेल तेव्हा, लागेल तेवढाच मिळणारा आधार.

कायद्याने हा हक्क दिलेला आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू झाला. कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही, घर नाही किंवा समाजात सोयी उपलब्ध नाहीत, एवढ्याच कारणाने कोणालाही मानसिक आरोग्य आस्थापनेत, म्हणजे मनोरुग्णालयात किंवा तशा संस्थेत, ठेवून घेता येणार नाही, असे त्याचे कलम १९ सांगते. तर हाफवे होम (रुग्णालय आणि स्वतःचे घर यांच्या मधल्या टप्प्यातला निवास) आणि आधारासह निवास यांची तरतूद करणे ही शासनाची जबाबदारी असल्याचे कलम १८ सांगते. बऱ्या झालेल्या रुग्णांना भिक्षेकरी गृहात किंवा वृद्धाश्रमात हलवण्याची पद्धत बंद करा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१९ मध्ये महाराष्ट्र शासनाला बजावले. हक्क कागदावर आहे, घरे मात्र फार थोडी आहेत. म्हणून एखादी छोटी विश्वस्त संस्था किंवा शुभंकरांचा स्वमदत गट चार जणांसाठी एक फ्लॅट भाड्याने घेऊन सुरुवात करू पाहत असेल, तर काय क्रमाने ठरवावे, ते येथे लिहिले आहे. ‘शुभंकर’ म्हणजे काळजी घेणारे आप्त आणि ‘शुभार्थी’ म्हणजे आजारातून सावरणारी व्यक्ती, हे शब्द मराठी स्वमदत गटांत रुळलेले आहेत. येथेही तेच वापरतो.

घर कशाला म्हणायचे

आमच्या संस्थेने चार जणींसाठी पहिला फ्लॅट घेतला तेव्हा दाराच्या दोनच किल्ल्या होत्या. एक कार्यालयात, एक साहाय्यक ताईंकडे. चौघींपैकी एक जण तिसऱ्या दिवशी कोपऱ्यावरून कढीपत्ता घेऊन परतली, तेव्हा ताई बँकेत गेल्या होत्या आणि बाकीच्या तिघी दुपारच्या झोपेत होत्या. ती पाऊण तास जिन्याच्या पायरीवर बसून राहिली. बेल तिने वाजवलीच नाही. त्याबद्दल तिची तक्रारही नव्हती, कारण दार दुसऱ्याने उघडायचे असते, ही तिची चौदा वर्षांची सवय होती. त्या संध्याकाळी आम्ही आणखी चार किल्ल्या करून आणल्या. पुढची कित्येक वर्षे नियोजनाच्या बैठकीत एखादा नियम सुचवला गेला, की आम्ही स्वतःला विचारत असू: या नियमाने किल्ली कोणाच्या हातात जाते?

येणाऱ्याजाणाऱ्यांची नोंदवही, पाहुण्यांची वेळ, रात्री नऊला दिवे बंद, फ्रीजला कुलूप, भिंतीवर लावलेले ‘संस्थेचे नियम’ ही वॉर्डाची लक्षणे आहेत. चांगल्या हेतूने सुरू झालेल्या घरांतही ती नकळत शिरतात, बहुधा एखादा बरावाईट प्रसंग घडल्यानंतर. म्हणून घर आणि उपचार ही दोन खाती पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवावीत. गोळ्या घेतल्या नाहीत म्हणून घर जाणार नाही, कामाला गेली नाही म्हणून घर जाणार नाही, आणि आधी ‘पात्रता’ सिद्ध केली म्हणून घर मिळाले, असेही नको. १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सॅम त्सेम्बेरिस यांनी रस्त्यावर राहणाऱ्या मनोविकारग्रस्तांना आधी थेट घर आणि मग ते मागतील ती सेवा, अशा पद्धतीने काम सुरू केले. पुढे २००९ ते २०१३ या काळात कॅनडातील पाच शहरांत दोन हजारांहून अधिक लोकांना घेऊन याच पद्धतीची मोठी चाचणी झाली. नेहमीच्या सेवांवर असलेल्यांच्या तुलनेत, आधी घर मिळालेल्यांचे घर अधिक टिकले, असे तीत दिसले.

आपल्याकडचे जवळचे उदाहरण चेन्नईच्या ‘द बॅनियन’ या संस्थेचे आहे. वंदना गोपीकुमार आणि वैष्णवी जयकुमार यांनी १९९३ मध्ये ही संस्था सुरू केली. तिच्या ‘होम अगेन’ उपक्रमात दीर्घकाळ रुग्णालयात राहिलेल्या व्यक्ती चारपाच जणांच्या गटाने सर्वसाधारण वस्तीतल्या भाड्याच्या घरात राहतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये समाजाधारित मानसिक आरोग्यसेवांविषयी जे मार्गदर्शन प्रसिद्ध केले, त्यात या उपक्रमाचा नमुना म्हणून समावेश आहे. तेव्हा कल्पना नवी नाही आणि परदेशीही नाही.

संख्या चार किंवा पाचच का, असे देणगीदार हमखास विचारतात. त्याच पैशात वीस जणांची सोय होईल, असे त्यांचे गणित असते. वीस जण म्हटले की मोठे पातेले आले, पाळ्या आल्या, वेळापत्रक आले आणि मग कुलूप आले. चार जणांना एका कुकरमध्ये वरणभात होतो.

कोण कोणाबरोबर राहणार

निवड कार्यालयात बसून, फाइलींवरून करू नये. राहू इच्छिणाऱ्यांनी आधी एकमेकांना भेटावे, एकत्र दोनतीनदा बाहेर जेवावे, शक्य असेल तर एखादी रात्र एकत्र काढावी. निदान काय आहे, याला आपण समजतो तेवढे महत्त्व नसते. पहाटे चारला उठून अंघोळ करणारी आणि रात्री एकपर्यंत टीव्ही पाहणारी यांची एक खोली करू नये, हे जास्त महत्त्वाचे. मांसाहार, उपवास, देवाची जागा, तंबाखूची मिश्री, घोरणे, पंख्याचा वेग: भांडणे यांवरून होतात. एका खोलीत दोनच जण, आणि कोण कोणाबरोबर, हे त्यांनीच ठरवावे. प्रत्येकाला स्वतःच्या कुलपाचे एक कपाट मात्र नक्की द्यावे. आयुष्यभर सगळ्यांसमोर कपडे बदललेल्या माणसाला त्या कपाटाचे मोल आपल्यापेक्षा जास्त कळते.

यायचे नाही म्हणणाऱ्याला आणू नये. वर्षानुवर्षे वॉर्डात राहिलेली व्यक्ती प्रथम नकारच देते, कारण तिला माहीत असलेले जग तेवढेच असते. अशा वेळी तिला घर दाखवावे, चहा पाजून परत सोडावे, पंधरा दिवसांनी पुन्हा विचारावे. रुग्णालयातून सुटी देताना पुढील उपचारांची योजना संबंधित व्यक्ती आणि तिने नेमलेला प्रतिनिधी यांच्याशी चर्चा करून मनोविकारतज्ज्ञाने करायची असते. कलम ९८ ची ही बैठक केवळ सही घेण्यासाठी उरकू देऊ नये. कोणत्या गोळ्या, कोणत्या वेळी, पुढची तपासणी कधी, मागे आजार उलटला तेव्हा सुरुवात कशी झाली होती, हे सगळे त्याच बैठकीत लिहून घ्यावे.

जागा पाहताना

शहराबाहेर आंब्याची झाडे असलेला बंगला कोणी फुकट देऊ करतो आणि विश्वस्त हरखून जातात. शांत, निसर्गरम्य, मोकळी हवा. अशा ठिकाणी बसथांबा दोन किलोमीटरवर असतो, किराणा दुकान त्याहून पुढे, आणि महिनाभरात तेथील रहिवासी पुन्हा कोणीतरी गाडीने नेईल याची वाट पाहत बसलेले दिसतात. माझे मत स्पष्ट आहे: फुकटच्या बंगल्यापेक्षा गजबजलेल्या पेठेतला भाड्याचा टू बीएचके बरा. दुकान, मेडिकल, बसथांबा आणि पिठाची गिरणी चालत दहा मिनिटांत असावी. औषधे मिळणारी सरकारी ओपीडी एका बसच्या अंतरावर असावी.

मजला निवडताना औषधांचा विचार करावा. मनोविकारावरील अनेक औषधांनी सकाळी गुंगी राहते, वजन वाढते, चालणे मंदावते. त्यामुळे लिफ्ट नसलेला तिसरा मजला स्वस्त पडला तरी घेऊ नये. पाणी किती वेळ येते आणि टाकी केवढी आहे, याची चौकशी करावी. लिथियम हे बायपोलर आजारावरील औषध घेणाऱ्या व्यक्तीच्या शरीरातले पाणी उन्हाळ्यात कमी झाले, तर रक्तातील लिथियमची पातळी धोकादायक रीतीने वाढू शकते. मे महिन्यात पाण्याची बोंब असलेली इमारत अशा घरासाठी नुसती गैरसोयीची नसते. क्लोझापिन हे स्किझोफ्रेनियावरील औषध सुरू करणाऱ्याची पांढऱ्या पेशींची तपासणी पहिले अठरा आठवडे दर आठवड्याला करावी लागते, म्हणजे रक्त तपासणारी प्रयोगशाळाही हाकेच्या अंतरावर हवी. न्हाणीघराची कडी बाहेरून उघडता येईल अशी बसवून घ्यावी. खिडक्यांना संस्थेसारखे जाड गज मात्र बसवू नयेत.

करार आणि सोसायटी

घरमालकाशी लिव्ह अँड लायसन्स करार करताना अकरा महिन्यांच्या छापील नमुन्यावर सही करू नये. दर वर्षी घर बदलणे म्हणजे दर वर्षी नवा पत्ता, नवे शेजारी, नवी ओपीडी, आणि सावरणाऱ्या माणसासाठी बसलेली घडी मोडणे. महाराष्ट्रात असा करार साठ महिन्यांपर्यंत करता येतो. निदान छत्तीस महिन्यांचा करावा, त्यात दर वर्षीची भाडेवाढ आधीच लिहून घ्यावी आणि मालकाने पहिली दोन वर्षे घर रिकामे करून मागू नये, असे कलम टाकावे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार कराराची नोंदणी सक्तीची आहे आणि ती करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का पडते. परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरून तेही त्या हिशेबात मिळवले जाते. हा खर्च सोसवण्याजोगा आहे आणि नोंदणीकृत करार पुढच्या सगळ्या कागदपत्रांचा पाया आहे.

करार संस्थेच्या नावाने करावा, परंतु राहणाऱ्या प्रत्येकीचे नाव त्यात असावे. त्याशिवाय संस्था आणि रहिवासी यांच्यात सोप्या मराठीत, दोन पानांचा वेगळा रहिवास करार करावा. कोणाचा वाटा किती, घर सोडायचे असल्यास किती आधी सांगायचे, संस्थेला कोणत्या कारणासाठी घर सोडायला सांगता येईल आणि त्याआधी कोणाकडे दाद मागता येईल, हे त्यात लिहावे. मनोविकार आहे म्हणून सही ग्राह्य नाही, हा समज चुकीचा आहे. भारतीय करार कायदा, १८७२ करार करतेवेळची मनःस्थिती पाहतो, माणसाचा वैद्यकीय इतिहास नव्हे.

आता सोसायटी. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सदनिका भाड्याने देण्यासाठी सोसायटीची परवानगी लागत नाही. सभासदाने आगाऊ कळवून कराराची प्रत द्यायची असते. बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याबद्दल सोसायटी घेते ते) सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक घेता येत नाही. प्रत्यक्षात अध्यक्षांचा एक फोन मालकाचे मन फिरवायला पुरतो, हे आम्ही टोकन दिल्यानंतर अनुभवले आहे. त्या वेळी आमचीही चूक होती. आम्ही उत्साहाने सोसायटीच्या बैठकीत जाऊन मानसिक आजारांवर अर्ध्या तासाचे व्याख्यान दिले होते. चौघींचे निदान सव्वाशे घरांना सांगून झाल्यावर लक्षात आले, की हे सांगण्याचा अधिकार आम्हाला कोणी दिलाच नव्हता. आजाराविषयीची गुप्तता हा मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २३ ने दिलेला त्यांचा हक्क आहे.

त्यानंतर आम्ही एवढेच सांगतो: संस्थेने घर घेतले आहे, चार बायका राहतील, काही अडचण आली तर या नंबरवर कधीही फोन करा. तो नंबर रात्री दोनलाही उचलला जाईल, याची मात्र व्यवस्था करावी. शेजाऱ्यांचा विश्वास बसतो तो अर्ध्या तासात माणूस दारात उभा राहिल्यावर, किंवा संक्रांतीला तिळगूळ घेऊन त्याच बायका दारी आल्यावर.

एक कायदेशीर बाब येथेच हातावेगळी करावी. कायद्यातील ‘मानसिक आरोग्य आस्थापना’ ही व्याख्या बरीच व्यापक आहे. पुनर्वसनासाठी जेथे शुभार्थींना ठेवले जाते, अशी जागा तीत येऊ शकते आणि मग कलम ६५ नुसार नोंदणी करावी लागते. नातेवाइकांसोबत किंवा मित्रांसोबत राहण्याचे कौटुंबिक घर तीत येत नाही. तुमचे घर कोठे बसते, हे राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाला लेखी विचारावे आणि उत्तर जपून ठेवावे. तोंडी ‘काही लागत नाही हो’ यावर विसंबू नये.

पैशांचे गणित

पहिले अंदाजपत्रक बहुतेक जण भाड्यावरून मांडतात. तेथेच ते चुकते. पुण्याच्या उपनगरातील चार जणींच्या घराचे एक नमुन्याचे गणित पाहू. आकडे गावानुसार बदलतील, प्रमाण फारसे बदलत नाही. महिन्याचे भाडे २०,००० रुपये. वीज, गॅस, पाणी आणि इंटरनेट ४,०००. किराणा, दूध, भाजी दरडोई ४,५०० प्रमाणे १८,०००. ओपीडीत न मिळणारी औषधे आणि तपासण्या ४,०००. प्रवास आणि मोबाइल ३,०००. दोन साहाय्यक ताईंचे मानधन ३०,०००. तीन घरे पाहणाऱ्या समन्वयकाच्या पगाराचा एकतृतीयांश वाटा १०,०००. राखीव ५,०००. एकूण ९४,०००, म्हणजे दरडोई २३,५००.

या गणितात भाडे जेमतेम एकपंचमांश आहे आणि माणसांवरचा खर्च ४०,०००, म्हणजे दुप्पट. पैसे कमी पडले की विश्वस्तांची पहिली नजर याच रकमेवर जाते: ‘आता त्या स्थिर झाल्या आहेत, एक ताई कमी करू.’ आधार कमी करता येतो, करावाही; परंतु तो शुभार्थीच्या गरजेनुसार टप्प्याटप्प्याने कमी व्हावा आणि गरज पडताच परत वाढवता यावा. पहिले तीन महिने कोणीतरी रात्री मुक्कामाला असावे, मग फक्त दिवसा, मग आठवड्यातून तीन फेऱ्या. अंदाजपत्रकात मात्र पूर्ण रक्कम वर्षभर धरावी. वाचली तर पुढच्या संकटासाठी ठेवावी.

सुरुवातीचा खर्च वेगळा असतो: तीन महिन्यांचे डिपॉझिट, दलाली, नोंदणी, पलंग, गाद्या, फ्रीज, वॉशिंग मशीन, भांडी. भांडी देणगीत घेऊ नयेत, असे मी म्हणेन. लोक पोचे पडलेली पातेली आणि झाकण नसलेले डबे देतात, आणि मग घराची सुरुवातच उष्ट्यामाष्ट्याने होते. चौघींना तुळशीबागेत नेऊन त्यांच्या पसंतीने घ्यावीत. आम्हाला त्यासाठी दोन दुपारी लागल्या, कारण पहिल्या दुपारी प्रत्येक गोष्टीला ‘काहीही चालेल’ हेच उत्तर मिळत होते. दुसऱ्या दुपारी एकीने स्टीलचा डबा उलटा करून बुडाशी ठोकून पाहिला आणि ‘हा पातळ आहे’ म्हणाली. नियोजनाच्या वहीत आम्ही त्या दिवशी तेवढीच नोंद केली.

उत्पन्नाच्या बाजूला रहिवाशांचा वाटा, कुटुंबाचा वाटा, शासकीय अर्थसाहाय्य आणि देणग्या येतात. रहिवाशांकडून काहीच घेऊ नये, हे मला पटत नाही. मिळकतीतला ठरावीक हिस्सा, मग तो पाचशे रुपये का असेना, पावती देऊन घ्यावा. भाडे भरणाऱ्याला नळ गळतो अशी तक्रार करता येते. दीनदयाळ दिव्यांग पुनर्वसन योजनेत हाफवे होमसाठी साहाय्याची तरतूद आहे, परंतु शासकीय अनुदानाच्या हप्त्यावर दर महिन्याचे भाडे अवलंबून ठेवू नये. कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक उत्तरदायित्व) निधी बहुधा ठरावीक मुदतीच्या प्रकल्पाला, फार तर तीन वर्षांसाठी मिळतो. तेव्हा पहिल्या वर्षाच्या बैठकीतच चौथ्या वर्षाचे भाडे कोठून येणार, हे विचारावे, आणि उत्तर नसेल तर दुसरा फ्लॅट घेऊ नये. सहा महिन्यांचा पूर्ण खर्च बँकेत मुदत ठेवीत असल्याशिवाय पहिलाही घेऊ नये.

साहाय्यक ताई

या कामाला परिचारिकेची पदवी लागत नाही. आसपासच्या वस्तीतली, स्वतःचे घर चालवलेली, कमी बोलणारी आणि न घाबरणारी बाई या कामात उत्तम ठरते. शिकवायचे ते एवढेच, की स्वयंपाक करून वाढणे सोपे असले तरी तिचे काम शेजारी उभे राहून करू देण्याचे आहे. पोळ्या वेड्यावाकड्या होतील, मीठ दोनदा पडेल, दूध उतू जाईल. हातातले लाटणे काढून घेण्याचा मोह आवरणे हे या कामातले खरे कौशल्य. किमान वेतन, साप्ताहिक सुटी आणि आजारी पडल्यास बदली व्यवस्था हे लेखी असावे. ताई थकली की घर कडक होते. तिला ‘मॅडम’ म्हणू देऊ नये, आणि तिनेही रहिवाशांना ‘पेशंट’ म्हणू नये.

पहिल्या पंधरा दिवसांत झोपेकडे लक्ष द्यावे. वॉर्डात रात्रभर दिवा असण्याची सवय असलेल्यांना काळोखात झोप येत नाही. शून्याचा दिवा लावावा. कुकरच्या शिट्टीने दचकणे, गॅस पेटवायची भीती, रस्ता ओलांडताना हात घट्ट धरणे हे आजाराचे लक्षण समजून डॉक्टरांना फोन करू नये. बाहेरच्या जगाची सवय मोडली आहे, ती हळूहळू येते.

गोळ्या आणि वाईट दिवस

औषधे प्रत्येकीच्या ताब्यात, आठवड्याच्या खणांच्या डबीत असावीत. घरात सर्वांची मिळून फार मोठी साठवण नको. ज्यांना विसर पडतो त्यांना ताईने आठवण करावी. जबरदस्तीने किंवा भाजीत लपवून औषध देणे पूर्णपणे निषिद्ध असावे, आणि हे कुटुंबीयांनाही पहिल्याच दिवशी सांगावे, कारण बऱ्याच घरांत ते वर्षानुवर्षे चाललेले असते.

ती बरी असताना प्रत्येकीसोबत बसून एक पान लिहावे. बिघडायला लागते तेव्हा मला आधी काय होते? उत्तरे फार नेमकी मिळतात: झोप तीन तासांवर येते, केस विंचरत नाही, शेजारची बाई माझ्याबद्दल बोलते असे वाटते, एकदम सगळ्यांना पैसे वाटावेसे वाटतात. अशा वेळी कोणाला फोन करावा, कोणाला अजिबात करू नये, कोणते रुग्णालय चालेल, मागच्या वेळी कशाने बरे वाटले होते. कायद्याच्या कलम ५ नुसार उपचारांविषयीची आपली इच्छा आगाऊ लिहून ठेवता येते आणि कलम १४ नुसार प्रतिनिधी नेमता येतो. हे पान त्याचा कच्चा खर्डा म्हणून उपयोगी पडते. ‘टेली मानस’ या शासकीय मानसिक आरोग्य सेवेची १४४१६ ही हेल्पलाइन चोवीस तास चालते; तो क्रमांक फ्रीजवर लावून ठेवावा.

आणि रुग्णालयात भरती व्हावे लागले, तर जागा राखून ठेवावी. किती काळ, हे आधीच रहिवास करारात लिहावे. आम्ही तीन महिने धरतो. तेवढ्या काळाचा तिचा वाटा राखीव निधीतून भरावा, तिच्या कपाटाला कोणी हात लावू नये, बाकीच्या तिघींनी तिला भेटायला जावे. भरती झाली की घर गेले, हे एकदा दिसले, की पुढच्या वेळी चौघीही बिघडण्याची पहिली खूण लपवतात.

कागदपत्रे

कागदपत्रांचा क्रम चुकला तर सहा महिने वाया जातात. आधी नोंदणीकृत भाडेकरार, त्याच्या आधारे आधार कार्डावरील पत्त्यात बदल, मग त्या पत्त्यावर बँक खाते, त्यानंतर जिल्हा रुग्णालयातून दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्र. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये मनोविकाराचा समावेश आहे. बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. त्याच कायद्याचे कलम ३७ संबंधित योजनांतील घरांच्या वाटपात पाच टक्के आरक्षण देते आणि त्यात स्त्रियांना प्राधान्य आहे. म्हाडासारख्या सार्वजनिक घरांसाठी अर्ज करताना हे प्रमाणपत्र हाताशी असावे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात करावा लागतो आणि त्यासाठी महाराष्ट्रातील पंधरा वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. रुग्णालयात काढलेली वर्षे दाखवण्यासाठी अधीक्षकांचा दाखला सुटीच्या दिवशीच मागून घ्यावा. पासबुक आणि एटीएम कार्ड ज्याचे त्याच्याकडे राहील.

आईवडिलांचा फ्लॅट

काही शुभंकर स्वतःचाच फ्लॅट या कामासाठी देऊ करतात: आमच्या मुलासोबत आणखी तिघे राहू देत, आमच्यामागे संस्थेने पाहावे. पाचसहा कुटुंबांनी एकत्र येऊन असे केले, तर भाड्याचा प्रश्नच उरत नाही. मला ही वाट सर्वांत आश्वासक वाटते. परंतु भावनेच्या भरात संस्थेच्या नावे बक्षीसपत्र करून देऊ नये. मुलाचा तेथे आजीव राहण्याचा हक्क नोंदणीकृत दस्तात लिहिलेला असावा. संस्था बंद पडली तर घर कोणाकडे जाईल, हेही. सोसायटीत नॉमिनी म्हणून भावाचे किंवा पुतण्याचे नाव लावले की काम झाले, असे अनेकांना वाटते. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो वारसांच्या वतीने सांभाळणारा असतो. मृत्युपत्र करावे, किंवा भारतीय न्यास कायदा, १८८२ खाली खासगी न्यास करून त्यात निदान एक विश्वस्त कुटुंबाबाहेरचा आणि वयाने तरुण नेमावा. सगळे विश्वस्त सत्तरीचे, हा दोष मी अनेक दस्तांत पाहिला आहे. या दस्तांसाठी वकिलाला दिलेली फी वाया जात नाही.

आणि मुलाला विचारावे. पंचेचाळीस वर्षांच्या मुलाला न विचारता त्याच्या घरात तीन अनोळखी माणसे आणून ठेवण्याचे बेत मी ऐकले आहेत. आईवडील हयात असतानाच ते काही काळ बहिणीकडे राहायला जावेत आणि घर वर्षभर या पद्धतीने चालवून पाहावे.

कोणी जायचे म्हणाली तर

दोनतीन वर्षांनी चौघींपैकी एखादी म्हणते, मला वेगळी खोली हवी आहे, किंवा पोळीभाजी केंद्रावर काम करणारी मैत्रीण आणि मी एकत्र राहू. यासाठी अंदाजपत्रकात पहिल्यापासून थोडी रक्कम ठेवावी: तिच्या डिपॉझिटपुरती, परतफेडीच्या बोलीवर. ताईच्या फेऱ्या नव्या पत्त्यावरही सहा महिने चालू ठेवाव्यात. रिकामी झालेली जागा कार्यालयाने परस्पर भरू नये. प्रतीक्षायादीतल्या दोनतीन जणींना एकेक करून चहाला बोलवावे, चहा तिघींनी करावा आणि समन्वयकाने त्या वेळी तेथे असू नये. कोणाला दोन रात्री राहायला बोलवायचे, ते त्या तिघी कळवतील. कधीकधी महिनाभर कळवत नाहीत. तेवढा महिना जागा रिकामी राहिली, तर तिच्या वाट्याची तूट राखीव रकमेतून भरावी.